पंधरा किलोंच्या पिशवीतला पॅडलबोर्ड

फुगवता पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची हवा भरलेली फळी, विकणाऱ्याच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो: वजन ७.५ किलो. आकडा खोटा नसतो, पण नुसता बोर्ड घेऊन कुणी घराबाहेर पडत नाही. त्याच्यासोबत सव्वा किलोचा हातपंप येतो, किलोभराचं वल्हं येतं, फिन (बोर्डाखालचा पर) आणि लीश (बोर्ड माणसाला बांधून ठेवणारी दोरी) मिळून अर्धा-पाऊण किलो, दीड किलोची पाठपिशवी, पाऊण किलोचं लाइफ जॅकेट, दुरुस्तीची डबी. बेरीज तेरा किलोंच्या आसपास जाते. त्यात दोन किलोंचे कपडे कोंबले की देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी मिळणारे १५ किलो संपले. दुहेरी थराचा, १२ किलोंचा नेहमीचा टूरिंग (लांब पल्ल्याचा) बोर्ड घेतला तर हीच बेरीज कपडे धरून वीसच्या घरात पोचते आणि जास्तीच्या प्रत्येक किलोचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात, जातानाही आणि येतानाही.

म्हणून हलका बोर्ड निवडायचा म्हटलं की आधी वाट डोळ्यांसमोर आणावी. गाडीच्या डिकीतून पवना किंवा मुळशीच्या काठापर्यंतच जायचं असेल, तर हलक्या बोर्डासाठी जादा पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. डिकीला चार किलोंचा फरक कळत नाही. पण रात्रीच्या गाडीनं कुडाळला उतरायचं, तिथून एसटीनं मालवण, मालवणहून रिक्षानं देवबाग आणि शेवटी वाळूतून चालत कर्लीच्या खाडीपर्यंत, असा बेत असेल तर प्रत्येक किलो चार वेळा उचलावा लागतो. तिथे वजनाइतकंच पिशवीचं मापही छळतं. नेहमीच्या बोर्डाची पिशवी साधारण ९० सेंटिमीटर उंच असते. रेल्वेच्या खालच्या बर्थखाली ती आडवी जाते, पण एसटीच्या वरच्या फळीवर बसत नाही, मग ती मांडीवर घ्या नाहीतर वाटेत उभी करून सगळ्यांचे टोमणे ऐका. लांबीतून दुमडणाऱ्या बोर्डांची पिशवी ६० ते ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते. विमानाच्या सामानाला लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची जी मर्यादा अनेक कंपन्या लावतात, तीत ती आरामात बसते. मोठी पिशवी मात्र काठावर असते: ९० अधिक ४० अधिक ३०, म्हणजे १६०.

एवढी सोय फुकट मिळत नाही. रस्त्यावर वाचवलेला किलो पाण्यावर कुठे वसूल होतो ते कळायला बोर्डाच्या पोटात डोकवावं लागतं.

आत ड्रॉप-स्टिच नावाचं कापड असतं: पॉलिएस्टरचे दोन पदर आणि त्यांना जोडणारे एकाच लांबीचे हजारो उभे धागे. हे धागे नसते तर हवा भरल्यावर बोर्ड लोडासारखा गोल झाला असता. धागे ताणले जातात, दोन्ही पदर समांतर राहतात आणि सपाट, कडक फळी मिळते. ही युक्ती पॅडलबोर्डासाठी जन्मली नाही. गुडइयर कंपनीनं १९५६ साली अमेरिकेत चक्क फुगवून उडवायचं विमान बनवलं होतं, त्याच्या पंखांत याच जातीचं कापड होतं. लष्करानं त्या विमानाचा नाद सोडला, कापड मात्र टिकलं. आज त्याच्यावर पीव्हीसीचा थर चढवून बोर्ड होतो.

वजन कमी करायचे मार्ग मोजकेच आहेत. पीव्हीसीचा थर पातळ करायचा, दुसरा थर गाळायचा, बोर्डाची जाडी उतरवायची किंवा लांबी-रुंदी छाटायची. दुहेरी थराच्या जुन्या पद्धतीत दुसरा पदर हातानं गोंद लावून चिकटवत. गोंदाचंही वजन वाढे. आता चांगले कारखाने दुसरा थर उष्णतेनं थेट कापडावर दाबून बसवतात. गोंद वाचतो, कडकपणा राहतो. हलक्या बोर्डात हाच प्रकार हवा. नुसता एकेरी थर आणि आत विणीचं सैल कापड असलेला स्वस्त बोर्डही हलका असतो, पण तो पाण्यावर मधोमध बसतो. कापड दोन जातींचं येतं: एक स्वेटरसारख्या विणीचं आणि दुसरं उभ्या-आडव्या धाग्यांचं, मागावर विणलेलं. पहिलं गुंडाळायला मऊ, दुसरं कडक. विक्रेत्याला हे विचारलं आणि तो गोंधळला, तर तो बहुधा पहिल्या जातीचा बोर्ड विकतो आहे असं समजायला हरकत नाही.

जाडी हा सगळ्यात महाग सौदा. प्रवासी बोर्ड अनेकदा ४.७ इंच, म्हणजे १२ सेंटिमीटर जाडीचे असतात. नेहमीचे ६ इंच, म्हणजे १५. फरक तीनच सेंटिमीटरचा दिसतो, पण वाकण्याला होणारा विरोध साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पंधराचा वर्ग २२५, बाराचा १४४. कापड आणि दाब तोच असेल तर जाड बोर्ड दीडपटीहून जास्त कडक. पातळ बोर्डावर ८५ किलोंचा माणूस मधोमध उभा राहिला आणि पुढे १२ किलोंची पिशवी बांधली की मध्य खाली जातो, नाक आणि शेपूट वर उचलली जातात, पाण्याला टेकलेली लांबी घटते आणि प्रत्येक वल्ह्यासरशी बोर्ड डुलतो. दहा किलोमीटरच्या पल्ल्यात हे डुलणं पोटऱ्यांना कळतं. उलट ५५-६० किलोंच्या माणसाला तोच पातळ बोर्ड छान वाटतो: पाय पाण्याच्या जवळ, तोल सोपा, वाऱ्याला कडेची भिंत कमी. जाहिरातीतला ‘कमाल भार १५० किलो’ हा आकडा बुडण्याबद्दल आहे, चालण्याबद्दल नाही.

दुकानात शक्य असेल तर एक चाचणी करून घ्यावी. दोन बोर्ड सारख्याच दाबावर भरायचे, दोन्ही टोकांखाली सारख्याच अंतरावर सारखी स्टुलं ठेवायची, मधोमध एकाच माणसानं उभं राहायचं आणि बोर्ड किती सेंटिमीटर खाली येतो ते टेपनं मोजायचं. एकट्या बोर्डाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन बोर्डांमधला फरक मात्र खोटं बोलत नाही.

आकारमान काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. ११ फूट लांब, ३२ इंच रुंद, १२ सेंटिमीटर जाड बोर्ड टोकांचं निमुळतेपण धरून साधारण २६० लिटरचा भरतो. म्हणजे २६० किलोंच्या आसपास वजनाला तो पूर्ण बुडेल, त्यातले आठएक किलो त्याचे स्वतःचे. चांगलं चालण्यासाठी माणूस आणि सामान मिळून या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावेत. निम्म्यापर्यंत गेलात की तो चालतो, पण नांगर ओढल्यागत. टूरिंगसाठी ११ ते १२.५ फूट लांबी आणि २९ ते ३२ इंच रुंदी. नाक टोकदार हवं. गोल नाकाचे साडेदहा फुटी बोर्ड सगळ्यांना चालतील असे म्हणून विकले जातात. ते काठाशी खेळायला बरे, पण सरळ रेषेत पाच किलोमीटर काढायचे तर दर चार झटक्यांनी वल्ह्याची बाजू बदलावी लागते.

पंपाकडे बहुतेक जण शेवटी पाहतात. खरं तर हलक्या सामानात सगळ्यात जास्त घाम तोच काढतो. बोर्ड १५ पीएसआयपर्यंत भरायचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे शेवटच्या झटक्यांना दट्ट्यावर ८० किलोंचं बळ लागतं. ५५ किलोंचा माणूस अख्खं वजन टाकूनही १० पीएसआयच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि मग ‘बोर्ड मऊच आहे’ अशी तक्रार होते. सहा सेंटिमीटर व्यासाच्या बारीक नळकांड्याला ३० किलो पुरतात. झटके मात्र वाढतात. म्हणून दोन नळकांड्यांचा, किंवा वर-खाली दोन्हीकडे हवा भरणारा आणि बटण फिरवून एकाच बाजूनं भरणारा पंप घ्यावा: सुरुवातीला भराभर, आठ पीएसआयनंतर एकेरी. २६० लिटरच्या बोर्डात १५ पीएसआयला सुमारे सव्वापाचशे लिटर बाहेरची हवा कोंबली जाते. दर झटक्याला दोन लिटर धरले तरी अडीचशेहून जास्त झटके. पंपावरचा काटा सहा-सात पीएसआयपर्यंत बहुधा हलतच नाही. तो बिघडलेला नसतो.

बॅटरीवरचा पंप हवासा वाटतो आणि वाटावाच. त्याचं वजन दीड-दोन किलो. विमानात लिथियम बॅटरी असलेला पंप चेक-इन पिशवीत टाकू नये, तो हातातल्या सामानात न्यावा. बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० असेल तर कंपनीची परवानगी काढावी लागते. छापील एमएएच गुणिले व्होल्ट भागिले हजार, हा हिशेब घरीच करून ठेवावा, सुरक्षा रांगेत नाही. कमरेला बांधायचं, दोरी ओढल्यावर फुगणारं जॅकेट नेत असाल तर त्यातल्या वायूच्या छोट्या नळकांडीसाठीही विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. साधं फोमचं जॅकेट जागा खातं, पण प्रश्न विचारून घेत नाही.

हवा भरल्यावर तापमानाचा खेळ सुरू होतो. पंपातून दाबून आलेली हवा गरम असते. ती ४५ अंशांवर असताना काट्यावर १५ दिसले आणि बोर्ड २७ अंशांच्या पाण्यात टाकला, तर थोड्या वेळानं आत तेरा-सव्वातेरा उरतात. गळती नाही, हवा थंड झाली. पाच-दहा मिनिटं पाण्यावर ठेवून वरचे वीस झटके मारले की काम होतं. उलटं प्रकरण जास्त धोक्याचं. पाण्यात १५ वर भरलेला बोर्ड दुपारी जेवायला थांबताना वाळूत उन्हात ठेवला आणि आतली हवा ३० अंशांनी तापली, तर दाब १८ वर जातो. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाच्या बोर्डाला हे सहज जमतं. शिवणीचा गोंद आधीच उन्हानं मऊ झालेला असतो, त्यात हा ताण. बोर्ड फाटतो तो मधे नाही, कडेच्या शिवणीवर. काठावर थांबलात की सावलीत ओढा, सावली नसेल तर पाण्यातच तरंगत ठेवा, तेही जमत नसेल तर दोन-तीन पीएसआय सोडून द्या. घाट चढतानाही हेच होतं: किनाऱ्यावर भरलेला बोर्ड टपावर बांधून आंबोली गाठली, की सातशे मीटरच्या चढात बाहेरचा दाब उतरतो आणि काटा एक पीएसआयहून थोडा जास्त चढतो. त्यात टपावरचं ऊन.

या हवामानात विकत घेताना शिवण बघायचीच. कडेच्या पट्ट्या गोंदानं चिकटवलेल्या की उष्णतेनं वितळवून जोडलेल्या, हे विचारा. वितळवून जोडलेली शिवण महाग असते, पण बंद गाडीतल्या मे महिन्याच्या उन्हाला तीच पुरते. शिवणीच्या कडेला अंगठ्यानं दाबत जा. कुठे सुरकुती किंवा गोंदाचा पिवळा ओघळ दिसला तर दुसरा बोर्ड मागा.

लांबीतून दुमडणाऱ्या बोर्डांचं एक विशेष. ते आधी मधोमध उभे दुमडतात, मग गुंडाळतात. त्यासाठी वरच्या फोमच्या गादीत मधून एक मोकळी पट्टी सोडलेली असते. ती नसलेला साधा बोर्ड हौसेनं तसा दुमडला तर गादी उखडते. ज्यांच्यात ती आहे त्यांचाही मधला दुमड दर वेळी तंतोतंत त्याच रेषेवर येऊ देऊ नये. बोटभर इकडे-तिकडे करावं. गुंडाळायला सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे हवा व्हॉल्व्हकडे ढकलली जाते. शेवटची हवा पंप उलटा जोडून ओढली नाही तर पिशवीची चेन लागत नाही. व्हॉल्व्हमध्ये मधोमध एक पिन असते: दाबून फिरवली की ती खाली अडकते आणि हवा सुटते, पुन्हा फिरवली की वर येते आणि हवा धरते. नवशिके पिन खाली ठेवूनच हवा भरतात, दहा मिनिटं घाम गाळतात, नळी काढतात आणि सगळी मेहनत एका फुस्समध्ये जाते. भरायच्या आधी पिन वर आहे का ते बोटानं बघा. आणि व्हॉल्व्हच्या भोवती वाळू असेल तर आधी ती फुंका. वाळूचा एक कण रबरी कडीखाली बसला की रात्रभरात बोर्ड मऊ पडतो.

वल्हं प्रवासासाठी पाच तुकड्यांचं घ्यावं लागतं. तीन तुकड्यांचं साधारण ८५-९० सेंटिमीटर लांब राहतं आणि छोट्या पिशवीबाहेर डोकावतं. तुकडे वाढले की सांधे वाढतात. प्रत्येक सांधा थोडा खुळखुळतो आणि प्रत्येकात वाळू अडकते. खारं पाणी लागलेलं अॅल्युमिनियमचं वल्हं जोडलेलंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दोघांनी ओढूनही सुटत नाही. गोड्या पाण्यानं धुऊन तुकडे वेगळे करूनच वाळवा. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर बोर्डापेक्षा वल्ह्यात घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अॅल्युमिनियमचं वल्हं किलोभर, कार्बनचं ६५०-७०० ग्रॅम. हे तीनशे ग्रॅम तासाला दोन हजारांच्या आसपास वेळा उचलायचे असतात. लांबी उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त.

फिनचा विचार ठिकाणावर ठरतो. ९ इंचांचं मोठं फिन सरळ चालीला उत्तम, पण ओहोटीच्या खाडीत ते आधी चिखलात, मग खडकात अडकतं आणि माणूस तोंडावर पुढे जातो. साडेचार-पाच इंचांचं वाकणारं फिन सोबत असावं. फिनचा खाचा जगभर चालणाऱ्या मापाचा, स्क्रू आणि चौकोनी नटवाला असेल तर हरवलेलं फिन कुठेही मिळतं. कंपनीचा स्वतःचा खटका असेल तर प्रवास तिथेच संपतो. तो नट रुपयाच्या नाण्यापेक्षा छोटा आणि वाळूच्या रंगाचा असतो. दोन जास्तीचे न्या.

कोकणातल्या खाड्यांत बोर्ड हलका असल्याचा खरा हिशेब वारा करतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, साडेदहा-अकरानंतर समुद्रावरून खारा वारा चढतो. हलका, उंच तरंगणारा बोर्ड वाऱ्याला पानासारखा मिळतो. तासाला ४ ते ६ किलोमीटर ही लांब पल्ल्याची चाल. समोरून खारा वारा असेल तर ती निम्म्यावर येते आणि गुडघ्यांवर बसून वल्हवावं लागतं. सकाळची मतलई जास्त फसवी: किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं, पण वारा पाठीमागून समुद्राकडे ढकलत असतो आणि परतताना कळतं. खाडीत आत राहिलात तर ही भीती कमी. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. तासभर इकडेतिकडे धरायचं. अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खाडीच्या मुखाजवळ ओहोटीची ओढ वल्ह्याला ऐकत नाही. लांब सहलीला अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती बरी. चढत्या भरतीबरोबर आत जायचं, उतरत्या पाण्याबरोबर परत यायचं, आणि मुख येण्याच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं. पावसाळ्यात हा विषयच बंद.

वाहत्या पाण्यात लीश घोट्याला बांधू नये. जाळ्यांच्या खुंटांना किंवा तिवरांच्या मुळांना बोर्ड एका बाजूनं आणि माणूस दुसऱ्या बाजूनं अडकला तर पाण्याच्या ओढीत घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा घ्यायचा. शंभरेक ग्रॅम वाढतील, वाढू द्या.

खडकावरची कालवं पीव्हीसी ब्लेडसारखी कापतात. प्रवासात दुरुस्तीसाठी बोर्डाच्याच रंगाचे दोन-तीन पीव्हीसीचे तुकडे, बारीक पॉलिश पेपर आणि पीव्हीसी कापडाचा गोंद लागतो. गोंद ज्वलनशील असल्यानं विमानात चालत नाही, उतरल्यावर घ्यावा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीला धरत नाही, आणि नळाच्या पाइपांचा सिमेंट वाळल्यावर कडक होऊन गुंडाळताना तडकतो. साबणाच्या पाण्यानं बुडबुडे शोधून पेन्सिलीनं खूण करायची, मग हवा पूर्ण काढायची, पुसून कोरडं करायचं. ठिगळ गोल, छिद्रापलीकडे चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पातळ गोंद, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून गोंदाचा दुसरा हात, मग दाबून वर दगड. किमान १२ तास, शक्यतो २४. घाईनं चार तासांत १५ पीएसआय भरले की ठिगळ फुगून वर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

नवीन बोर्ड आला की सहलीआधी घरातच १५ वर भरा, हवा थंड झाल्यावर पुन्हा १५ करा, आणि पंख्याखाली, उन्हापासून लांब, २४ तास ठेवा. एखादा पीएसआय उतरला तर तो बहुधा तापमानाचा. तीन-चार उतरले तर आधी व्हॉल्व्ह त्याच्या पान्यानं पाव आटा आवळा, मग साबणाचं पाणी शिवणीवरून फिरवा. बुडबुडे शिवणीवर दिसले तर स्वतः गोंद लावू नका. ठिगळ लावलेला बोर्ड दुकानदार परत घेत नाही. व्हिडिओ काढा, बिलासोबत पाठवा, आणि खोका तोवर फेकू नका.